व्याकरणासाठी पाच कप्प्यांची कार्डपेटी : दीड वर्ष वापरून मग लिहितेय

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. होमस्कूलिंग करणाऱ्या बऱ्याच आयांचा एकच प्रश्न असतो, व्याकरण शिकवलं की मुलांना समजतं, त्या दिवशी सगळी उत्तरं बरोबर येतात आणि महिन्याभराने विचारलं तर पाटी कोरी. आमच्याकडे अगदी हेच होत होतं. त्यावर मी ही पेटी घेतली आणि आता दीड वर्ष झालंय, त्यामुळे नवलाई ओसरल्यावरचं मत आहे हे. मोठी मुलगी १० वर्षांची, धाकटा ७ चा, दोघांसाठी वापरतेय.

आधी वस्तू काय आहे ते. हलक्या प्लायवूडची लांबट पेटी, आत चार सरकत्या भिंती म्हणजे पाच कप्पे, सोबत कोरी कार्डं आणि वेगळा एक छापील संच, 'व्याकरण प्रश्नोत्तरं' नावाचा. पद्धत जुनी आणि सोपी आहे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात ती लोकांपर्यंत पोचवली. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. म्हणजे जे येतं ते कमी वेळा समोर येतं, जे येत नाही ते सारखं येतं. बस, एवढंच.

आता हे का लागतं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पेटी घेऊन उपयोग नाही, ती कपाटावर धूळ खाईल. आम्ही आधी एक व्याकरणाचं वर्कबुक केलं होतं (नाव लिहीत नाही), चार महिन्यांत पूर्ण, प्रत्येक पानावर बरोबरच्या खुणा, मला केवढं समाधान. मग मध्ये आम्ही विज्ञानाचा एक मोठा प्रकल्प घेतला आणि व्याकरण तीन महिने बाजूला राहिलं. त्यानंतर मोठीने मावशीला पत्र लिहिलं, छान मनापासून लिहिलं, त्यात 'फूलाला', 'बहीणीला', 'मूलांनी'. तिन्ही शब्द वर्कबुकात झालेले होते, तिन्हींना पैकीच्या पैकी होते. मी तिला रागावले नाही पण मला आतून फार वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हतीच. मी पुढे पुढे धडे घेत गेले आणि मागे वळून कधी बघितलंच नाही.

शाळेत निदान घटक चाचणी, सहामाही, वार्षिक असं काहीतरी येतं, पुढच्या इयत्तेत तोच धडा थोडा मोठा होऊन परत येतो. ती व्यवस्था चांगली की वाईट हा वेगळा विषय, पण मागचं परत समोर येण्याची सोय तिच्यात असते. घरी शिकवताना ती सोय आपोआप होत नाही, आपल्यालाच करावी लागते आणि आपण नेमके तेच विसरतो, कारण मुलाला आज आलंय ना, मग पुढचं घेऊ असं वाटतं.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच हे स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच परत पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचं. तासाभराने साधारण ४४ टक्के वाचली, एका दिवसाने ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे बघा, सगळ्यात मोठी घसरण पहिल्याच दिवशी होते, नंतर ती हळू होत जाते. व्याकरणाला निदान अर्थ असतो त्यामुळे ते इतक्या झपाट्याने जात नाही, पण उतार तसाच असतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी आणि पुढचं अंतर वाढवत न्यायचं. पेटीचे कप्पे म्हणजे हेच.

दुसरं म्हणजे परत वाचणं आणि आठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण घरी नेमकं पहिलं करतो. 'चल, नियम एकदा वाचून काढ' म्हणतो, मूल वाचतं, लगेच विचारतो, लगेच सांगतं, आपण खूश. कार्ड हातात घेतल्यावर मुलाला आधी डोक्यातून उत्तर ओढून काढावं लागतं, मगच ते उलटायचं. ती ओढाताण मला आधी बघवायची नाही, मी लगेच पहिलं अक्षर सांगून टाकायचे. आता गप्प बसते. मनात वीसपर्यंत आकडे मोजते.

बरं आता पेटीबद्दल खरं खरं.

छापील संच घेऊ नका. एवढं एक वाक्य वाचून बाकी रिव्ह्यू सोडलात तरी चालेल. त्यातली निम्म्याहून जास्त कार्डं 'नाम म्हणजे काय?', 'विशेषण म्हणजे काय?' अशी आहेत. मोठीने ती पंधरा दिवसांत घडाघडा पाठ केली आणि वाक्यात विशेषण शोधायला सांगितलं की परत गोंधळ. व्याख्या पाठ झाली होती, व्याकरण नाही. आणि काही कार्डं तर चक्क चुकीची शिकवण देतात. एका कार्डावर नुसतं 'मुलाला – विभक्ती ओळखा' आणि मागे उत्तर 'चतुर्थी'. अहो पण वाक्याशिवाय कसं ठरवणार? 'आई मुलाला उठवते' यात मुलगा कर्म आहे, द्वितीया. 'आईने मुलाला पुस्तक दिलं' यात पुस्तक हे कर्म आणि मुलगा घेणारा, तिथे चतुर्थी. 'ला' दोन्हीकडे तोच. मोठीने मला हे कार्ड दाखवून विचारलं, 'पण कुठला मुलगा?' आणि ती बरोबर होती. ते कार्ड मी तिथेच फाडलं आणि त्याच्या जागी दोन वाक्यांची दोन कार्डं केली.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे, एकही कार्ड वाक्याशिवाय नाही आणि प्रत्येक कार्डावर मुलाने काहीतरी करायचं, सांगायचं नाही. 'कर्मणी प्रयोग म्हणजे काय' असं विचारायचं नाही. कार्डावर असतं : तिने पत्र लिहिलं. 'पत्र'च्या जागी 'चिठ्ठी' घाल. मूल म्हणतं 'तिने चिठ्ठी लिहिली'. क्रियापद बदललं का? बदललं. कुणामागे गेलं? चिठ्ठीमागे, म्हणजे कर्मामागे, म्हणजे कर्मणी. आणि दुसरं कार्ड : तिने बोक्याला पकडलं, बोक्याच्या जागी मांजर घाल, 'तिने मांजरीला पकडलं', इथे क्रियापद ढिम्म हललं नाही, कर्त्यामागेही नाही आणि कर्मामागेही नाही, म्हणजे भावे. ही बदलून बघायची सवय लागली की नियम विसरला तरी मूल तो स्वतः परत शोधून काढू शकतं, आणि माझ्या मते व्याकरण टिकणं म्हणजे हेच.

पेटीचा मला न ठरवता झालेला फायदा म्हणजे सरमिसळ. वर्कबुकात पानावर मोठ्या अक्षरात मथळा असतो 'कर्मणी प्रयोग' आणि खाली दहा वाक्यं, दहाही कर्मणी, मूल विचार कशाला करेल? पेटीत एका कार्डावर प्रयोग, पुढच्यावर समास, त्याच्या पुढे ह्रस्व-दीर्घ, मग अव्ययं. आधी हे ओळखावं लागतं की प्रश्न कशाचा आहे. सुरुवातीचे दोन आठवडे दोघंही कंटाळली, खूप चुकायची, मला वाटलं पद्धतच चुकतेय. चुकत नव्हती, ते कठीण होतं इतकंच, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसायला लागला.

एक प्रसंग लिहिते. कार्डावर होतं, 'वर बघ, पतंग झाडावर अडकलाय' आणि खाली प्रश्न, दोन्ही 'वर' एकाच जातीचे का? मोठीने आधी पटकन 'हो, शब्दयोगी अव्यय' म्हटलं, कार्ड उलटलं, चूक. मी काहीच बोलले नाही. तिने परत पुढची बाजू बघितली, मग बोट ठेवून म्हणाली, 'हा झाडाला चिकटलाय आणि हा मोकळाच आहे, हा बघण्याला सांगतोय कुठे बघायचं.' म्हणजे पहिला क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगी. कार्ड तरीही पहिल्या कप्प्यात गेलं कारण पहिलं उत्तर चुकलं होतं. पण साधारण दोन महिन्यांनी पेटीत नसलेलं एक वाक्य तिच्या वाचनात आलं, 'तो मागे राहिला', आणि तीच म्हणाली की आई हा मोकळा 'मागे' आहे, 'घरामागे'मधला नाही. चिकटलेला आणि मोकळा हे शब्द तिचे आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत, आणि म्हणूनच ते राहिले असं मला अगदी ठाम वाटतं. आता कार्डाच्या मागे मी व्याख्या लिहीत नाही, मुलाने ज्या शब्दांत समजून घेतलं ते शब्द त्याच्याच अक्षरात लिहून घेते.

ह्रस्व-दीर्घाचं मात्र वेगळं दुखणं निघालं आणि ते इथे लिहायलाच हवं. फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, गरीब-गरिबाला ही जोडकार्डं मोठीची इतकी पक्की झाली की ती 'शरिरात' लिहायला लागली! नियम जास्तच पसरला. 'शरीर' तत्सम शब्द आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तिथे सामान्यरूपात (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप होतं त्यात) दीर्घ तसाच राहतो, शरीरात. आणि उलट बाजूला गुण, विष, मंदिर हे तत्सम शब्द मुळातच ह्रस्व, त्यांना 'फूल'चा नियम लागतच नाही. तेव्हा नुसतं नियमाचं कार्ड करून भागत नाही, त्याच्याबरोबर तो नियम जिथे थांबतो त्याचंही कार्ड हवं, आणि दोन्ही एकाच दिवशी नाही, आधीचं तिसऱ्या कप्प्यापर्यंत पोचलं की मग दुसरं आत सोडायचं. हे मला अनुभवाने कळलं, तुम्ही सुरुवातीपासून करा.

कुणी विचारेल ऍप का नाही. अंकी नावाचं ऍप आहे, २००६ पासूनचं, नावाचा जपानीत अर्थच पाठांतर, आणि ते हे अंतराचं गणित आपल्यापेक्षा बारकाईने सांभाळतं. मुलं मोठी असतील, स्वतः कार्डं बनवत असतील तर खुशाल तेच घ्या, फक्त त्यात रोज २० नवीन कार्डांची मर्यादा आधीच ठरवलेली असते ती लहान मुलांसाठी फार आहे, बदलून ३ करा. आम्ही कागदावर राहिलो त्याचं कारण एकच, ह्रस्व-दीर्घ हाताने लिहूनच बसतं. वेलांटी पहिली की दुसरी, हे टाइप करताना कीबोर्डच सुचवून टाकतो. माझी मुलं उत्तर आधी वहीत लिहितात आणि मग कार्ड उलटतात. तोंडी उत्तर दिलं की 'फूलाला' आणि 'फुलाला' ऐकायला सारखंच वाटतं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या कार्डांना लिहिणं सक्तीचं.

आता तक्रारी. भिंती ढिल्या आहेत, फारच ढिल्या. तिसऱ्या महिन्यात धाकट्याच्या हातून पेटी कलंडली आणि चौथ्या-पाचव्या कप्प्यातली सगळी कार्डं एकत्र झाली, कुठलं कुठलं होतं काही कळेना, सगळी तिसऱ्यात टाकून परत सुरुवात करावी लागली आणि तो बिचारा अर्धा तास रडत होता. त्यानंतर मी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कप्प्याचा नंबर लिहायला लागले, तुम्हीही लिहा. कार्डांची एक बाजू गुळगुळीत चकचकीत आहे, तिच्यावर पेन्सिल उमटतच नाही आणि जेल पेन पुसलं जातं. आणि पाचही कप्पे सारख्या मापाचे केलेत, हे तर मुळातच समजून न घेता केलंय. लाइटनरच्या मूळ कल्पनेत कप्पे पुढे पुढे मोठे होत जातात, कारण शिकलेली कार्डं मागच्या बाजूला साठत जातात. आमचा पहिला कप्पा कायम अर्धा रिकामा आणि पाचव्यात बोट शिरत नाही. भिंती सरकतात म्हणून निभावलं. लाकूड मात्र चांगलं आहे, कड कुठे उडालेली नाही, झाकण घट्ट बसतं.

चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात हा नियम धाकट्याला झेपला नाही. पाचव्यात पोचलेलं कार्ड परत पहिल्यात गेलं की त्याचा चेहरा पडायचा आणि पुढची चार कार्डं तो मुद्दाम न बघता सांगायचा. त्याच्यासाठी आम्ही फक्त एक कप्पा मागे असं केलं. मोठीला मूळ नियमच आहे, तिला तो पटतो.

आणि खंड पडला की काय, हा सगळ्यात मोठा प्रश्न. आमच्याकडे आजारपणात १२ दिवस गेले, परत आलो तर ७० च्या वर कार्डं थकलेली. पहिल्या दिवशी सगळी करायला बसलो ती चूक झाली, दोघंही वैतागली आणि मीही. आता खंड पडला की रोज १५ कार्डं, आधी पहिल्या-दुसऱ्या कप्प्यातली कारण ती कच्ची असतात आणि लवकर निसटतात, पुढची थांबली तरी चालतं, आणि थकबाकी संपेपर्यंत नवीन कार्ड एकही नाही. एरवी रोज जास्तीत जास्त ३ नवीन कार्डं आणि सगळं मिळून १० मिनिटं. घड्याळ लावून. दहा मिनिटं झाली की अर्धवट असलं तरी बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पेटीच्या सूचनापत्रकात कुठेच नाही. पाचव्या कप्प्यातून पास झालं की कार्ड काढून टाका असं तिथे म्हटलंय. टाकू नका. 'फुलाला'चं कार्ड मोठीने पाचही कप्प्यांतून सुरळीत पार केलं आणि पुढच्याच आठवड्यात गोष्ट लिहिताना परत 'फूलाला' लिहिलं. कार्डासमोर बसलं की मुलाला माहीत असतं की आता व्याकरण चाललंय. गोष्ट लिहिताना डोकं गोष्टीत असतं. तेव्हा आमच्याकडे आता एक सहावी जागा आहे, साधं पाकीट. पाचव्यातून सुटलेलं कार्ड त्या पाकिटात जातं आणि मुलाच्या स्वतःच्या लिखाणात, पत्रात, गोष्टीत, रोजच्या डायरीत तीच गोष्ट न सांगता तीन वेळा बरोबर दिसली की मगच ते निवृत्त. मी कार्डाच्या मागे बारीक टिंब देत जाते. लिखाणात चुकलं तर कार्ड सरळ पहिल्या कप्प्यात परत. आणि नवीन कार्डं येतात तीही तिथूनच, मुलाच्या वहीतल्या त्याच्याच चुकलेल्या वाक्यातून, धड्याच्या क्रमाने नाही. हे करायला लागल्यापासून कार्डांची संख्या कमी झाली आणि उपयोग वाढला. दर शनिवारी आठवड्याच्या लिखाणातून दोघांची प्रत्येकी दोन-तीनच वाक्यं उचलते, सगळ्या चुका उचलत नाही, मुलाचं लिहिणंच बंद पडेल.

सगळंच कार्डावर बसत नाही हेही सांगते. स्वल्पविराम कुठे द्यायचा, लांब वाक्य कुठे तोडायचं, परिच्छेद कधी बदलायचा, याची कार्डं मी करून बघितली आणि सोडून दिली. त्याला आठवड्यातून एकदा श्रुतलेखन आणि आपलंच जुनं लिखाण मोठ्याने वाचणं, एवढं पुरतं. मोठी सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट मोठ्याने वाचताना जिथे अडखळते तिथे स्वतःच पेन्सिलीने खूण करते. समासाचं उलट, तो कार्डावर फार छान बसतो, 'आईवडील' फोड, 'खरेखोटे' फोड, एकात 'आणि' येतं आणि दुसऱ्यात 'किंवा', दोन मिनिटांत इतरेतर आणि वैकल्पिक कळतं आणि धाकट्यालासुद्धा त्यात मजा येते, तो दिवसभर जोडशब्द शोधत फिरतो.

तर घ्यावी का? रोज दहा मिनिटं बसायची तयारी असेल आणि कार्डं स्वतः बनवणार असाल तर घ्या, नुसती पेटी आणि कोरी कार्डं, छापील संच नको. मूल सात वर्षांपेक्षा लहान असेल तर थांबा, त्या वयात गोष्टी आणि गप्पाच पुरेत. मी पाचपैकी साडेतीन देईन, दीड गुण ढिल्या भिंती, चकचकीत कार्डं आणि त्या छापील संचासाठी कापला. आणि घेतलीत तर पहिल्याच दिवशी पहिल्या दोन भिंतींना गोंद लावून त्या पक्क्या करा, कप्पे अरुंद ठेवून, पुढच्या दोन सरकत्याच राहू द्या, वर्षभराने जागा तिकडेच लागते.